निळ्या खडूचं पान

७ जून १९९९, सोमवार

आठला कारखान्यात गेले. दिवसभर धागे कातरले. सहाला सुटले, मेहरूणला घरापर्यंत चालत आले. ऊन उतरलं नव्हतं. सासूबाईंनी भाकरी टाकल्या होत्या, मी पिठलं केलं. जेवलो. भांडी घासली.

शेजारच्या काकूंनी विचारलं, कशी चाललीय नोकरी? बरी चाललीय म्हटलं.

सगळे म्हणतात, शेवंता नवऱ्याच्या जागेवर लागली. हे कटिंगला होते, तीन नंबरच्या मशीनवर. जानेवारीत छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. शेठजींनी महिन्याभरात मला कामावर घेतलं, उपकार आहेत. पण बसवलं धाग्यांच्या टेबलावर. तंबू शिवून आला की लोंबते धागे कातरायचे आणि घडी घालायची. बायांना कटिंग देत नाहीत. माझा हुद्दा हेल्पर. तीन नंबरवर गोणपाट टाकून ठेवलंय. मी बसते तिथून ते समोर दिसतं.

८ जून

तेच.

११ जून, शुक्रवार

ह्यांचा खाकी कोट अजून खुंटीवर आहे. कामावर घालायचे तो. सासूबाई म्हणाल्या, कुणाला तरी देऊन टाक. देईन म्हटलं. खिशात निळा खडू आहे, अर्धा झिजलेला. हातात घेऊन पाहिला. परत तिथेच ठेवला.

१५ जून, मंगळवार

शेठजींनी सगळ्यांना पटांगणात उभं केलं. सैन्याची मोठी ऑर्डर आहे, बर्फातल्या तंबूंची. वर कारगिलला लढाई चालू आहे, आपले जवान उघड्यावर पडलेत, आता कुणी सुट्टी मागायची नाही, असं म्हणाले. आवाज खोटा वाटला नाही.

माझ्या शेजारी प्रमिलाबाई उभी. डबल सुईच्या मशीनवर असते, बारा वर्षं झाली, अजून हेल्परच. हळूच म्हणाली, "उघड्यावर तर आपणही जातो शेठजी. बायांना संडास कुठे बांधला?" मागच्या बाया फिसकन हसल्या. मी खाली पाहिलं.

कटिंगला आता दोघेच, आधार आणि वना. त्यातला आधार टायफॉइडनं पडलाय. वनाला रात्रपाळी दिली. दिवसा कोण कापणार, त्याची चर्चा चालली होती.

१७ जून, गुरुवार

आज खूप लिहायचंय.

सकाळी फोरमन कौतिक नाना टेबलापाशी आले. म्हणाले, "शेवंताबाई, सुकदेव घरी काम न्यायचा तेव्हा कापडाचे थर कोण लावायचं?" मी म्हटलं, मी. "साचा कोण मांडायचं?" कधी मी, कधी हे. "मग उठा."

गोणपाट त्यांनीच काढलं. पात्याला तेल दिलं. हातमोजा खिळ्यालाच होता, ह्यांचा. पण तो उजव्या हाताचा. हे डावखुरे, डाव्या हातानं मशीन ढकलायचे आणि उजव्यानं कापड दाबायचे. माझं उलट. नानांनी दुसरा हातमोजा शोधून दिला.

थर लावले. कडेला चिमटे लावले. साचा मांडून खडूची रेघ ओढली. मग मशीन चालू केलं. घरी आम्ही हातकात्रीनं कापायचो, ही वीज. सगळं टेबल हाताखाली थरथरायला लागलं. नाना म्हणाले, "ढकलू नका, त्याच्यामागे चाला." दोन हात कापड कापल्यावर भीती गेली. वळणावर पुन्हा आली. नाना ओरडले, "पदर खोचा, नाहीतर पातं ओढून घेईल. सुकदेवचा कोट असेल ना घरी? तो घालून येत जा." पदर खोचला.

कापून झालं की वरच्या थराच्या कोपऱ्यात कटरवाल्यानं आपली खूण करायची असते. तुकडा आखूड आला तर कुणाचा हात ते कळतं. तो कोपरा कापून नाना तारेत ओवतात. वनाची खूण फुली. आधारचा त्रिकोण. ह्यांचं केळीचं पान. गाव चोपड्याकडचं, घरासमोर केळीच, म्हणून.

नाना म्हणाले, करा खूण. आणि माझा हात आपोआप गेला. केळीचं पान काढलं. ह्यांचं पान डावीकडे झुकायचं, माझं उजवीकडे झुकलं. बाकी तेच. नानांनी पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. तारेत ओवलं.

संध्याकाळी तारेवर बारा नवीन पानं होती. मला वाटलं, आज हे कामावर येऊन गेले.

१८ जून

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "बाईमानुसना हातमा वीजनी कात्री? लोके हासतीन." मग म्हणाल्या, "कितलं मारं मी त्याले डावा हातना पायी. पन सुधरना नही." डोळे पुसले. बरेच दिवस आम्ही दोघी एकत्र रडलो नव्हतो.

२४ जून

सहाला गेटवर कार्ड पंच करायचं आणि मागच्या दारानं परत आत यायचं. बायांना रात्री कामाला ठेवता येत नाही, कायदा आहे म्हणतात. म्हणून कागदावर आम्ही घरी. प्रमिलाबाई म्हणाली, "आपण घरी आहोत बरं का शेवंता. घरी बसून तंबू शिवतोय." नऊला टेम्पोनं मेहरूणच्या कोपऱ्यावर सोडतात.

२ जुलै

हात दुखतो. चांगला दुखतो.

९ जुलै, शुक्रवार

आज एकही तुकडा परत आला नाही. वना सकाळी जाताना थांबून बघत होता. म्हणाला, "वहिनी, वळण सुकदेवसारखं घेता." दिवसभर ते डोक्यात होतं.

जेवणाच्या सुट्टीत एकटी तारेपाशी गेले. खाली ह्यांची जुनी पानं, वर माझी. मध्ये वनाच्या फुल्या, आधारचे त्रिकोण. ह्यांची धुळीनं मळलीत. बोट लावलं नाही.

प्रमिलाबाई म्हणाली, तू दुसऱ्याची खूण का करतेस? स्वतःची कर ना. मी म्हटलं, बाईची खूण दिसली तर माल पास करणारे शंका काढतील. तिला पटलं. मला माहीत आहे, ते कारण नाही.

२७ जुलै, मंगळवार

लढाई संपली. शेठजींनी पेढे वाटले. सगळ्यांनी भारतमातेचा जयजयकार केला. मीही केला. नाना माझ्याकडे बघत नव्हते.

२ ऑगस्ट, सोमवार

आधार बरा होऊन आला. सकाळी गेले तर माझा हातमोजा धाग्यांच्या टेबलावर आणून ठेवलेला. शेठजी तिथूनच चालले होते. हसून म्हणाले, "लढाई झाली बाई. आता बायांनी बायांची कामं करायची. तुम्ही देशासाठी केलंत, देश विसरणार नाही."

धागे कातरले. समोर आधार ह्यांच्या मशीनवर, त्याचं स्वतःचं बिघडलंय. तो वाईट माणूस नाही. पण वळणावर धक्का देतो.

३ ऑगस्ट

तेच.

४ ऑगस्ट

तेच. प्रमिलाबाईशी बोलले नाही. कुणाशीच नाही.

१४ ऑगस्ट, शनिवार

प्रमिलाबाई घरी आली. सासूबाई तिला चहा देतात पण कप वेगळा ठेवतात. तिनं तो कप उचलून मोरीत नेला, स्वतःच धुतला आणि आमच्या कपांत पालथा घातला. मला लाज वाटली. सासूबाईंनीही पाहिलं.

बाहेर ओट्यावर म्हणाली, "पुरुष करतो त्याच कामाला बाईला तोच हुद्दा, तोच पगार. शहात्तरचा कायदा आहे. माझ्या भावानं काढून दिलाय. अर्ज मी करते, डबल सुईच्या आम्ही सहाजणी आहोत. पण आमचं काय म्हणतील, शिवण बायांचंच काम. तू कटिंग केलंस. ते पुरुषाचं काम, तेच करत आलेत, आणि तू केलंस. तुझ्यावर सगळं उभं राहतं."

मी म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, "मला नाही वाटत का? माझी दोन पोरं शिकतायत."

सही केली.

२९ ऑगस्ट, रविवार

धुळ्याहून माझा भाऊ पितांबरदादा आला. देवपूरच्या घरचे पेरू आणले. जेवला. मग निघताना चपला घालता घालता म्हणाला, "शेवंता, लेबर ऑफिसात अर्ज दिलास म्हणे. तुझ्या दिराचा, रुपचंदचा, निरोप होता. कशाला ह्या भानगडी? जागा रुपचंदला दे. तो तुला सांभाळेल."

आणि नाही सांभाळलं तर? मी विचारलं. तो म्हणाला, तसं कसं. मग म्हणाला, आमच्याकडे तर तुला माहीतच आहे, दोन खोल्या.

मी बारावीपर्यंत त्याच दोन खोल्यांत शिकले.

५ सप्टेंबर

रुपचंद गावाहून आला तो राहिलाच. अठ्ठावीस वर्षांचा आहे, बी. ए. अडकलंय, लग्न अडकलंय. दिवसभर कॉटवर. शेठजींना भेटून आला. शेठजी म्हणाले, सुकदेवचा भाऊ असेल तर कटिंगला घेतो, हुद्दा-पगार पूर्ण. वहिनींनी जागा सोडल्याचं लिहून द्यावं आणि अर्ज मागे घ्यावा.

सासूबाई म्हणाल्या, "मना पोऱ्यानी जागा शे ती. घरमाच ऱ्हावाले पाहिजे. तुले बी घर बसी खावाले भेटी."

रुपचंदला आजवर कात्री धरता येत नाही. त्याला कटिंग. मी भाजी चिरत होते.

२१ सप्टेंबर, मंगळवार

लेबर ऑफिसात पहिली तारीख. प्रमिलाबाई, मी, आणखी दोघी. पलीकडे शेठजी आणि कौतिक नाना. साहेब तरुण होते, शांत बोलत होते.

शेठजी म्हणाले, आमच्याकडे बाईनं कटिंग कधी केलेलं नाही. सहानंतर बाया आत नसतात, पंच कार्डं बघा. प्रमिलाबाई म्हणाली, तारेवरचे तुकडे बघा ना मग. जून-जुलैचे. साहेबांनी ते मागवलेच होते. नानांनी पिशवीतून तार काढली.

शेठजींनी एकेक सरकवलं. ही फुली वनाची. हा त्रिकोण आधारचा. आणि हे केळीचं पान सुकदेवचं. "अख्ख्या कारखान्याला माहीत आहे साहेब. तो जाण्याआधी कापून ठेवलेला माल होता, लढाईत फक्त शिवला. ह्यात ह्या बाईंची खूण दाखवा." थांबून म्हणाले, "का मेलेला माणूस येऊन कापत होता?"

साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुमची खूण कोणती?"

नाना जमिनीकडे पाहत होते. त्यांना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय. मला माहीत होतं काय सांगायचं. एकच वाक्य होतं. ते डावखुरे होते, त्यांचं पान डावीकडे झुकतं, उजवीकडची माझी. तारेवर दोन्ही होती. पण ती पानं होती म्हणून सहा आठवडे हे कामावर येत होते. मी संध्याकाळी पानं बघून घरी जायचे. एकदा तोंडानं सांगितलं, की त्यातलं एकही ह्यांचं उरलं नसतं.

मी म्हटलं, "माझी खूण नाही."

साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर जिन्यात प्रमिलाबाईनं माझा दंड धरला. "शेवंता, तू काय केलंस?" मग सोडला. बाकीच्या दोघी पुढे निघून गेल्या. रिक्षात चौघींच्या जागेत मी एकटी आले.

२२ सप्टेंबर

गेले. कातरले. आले.

३० सप्टेंबर

डबल सुईच्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्यातल्या एकीला शेठजींनी घडीच्या टेबलावर टाकलं. माझ्यामुळे. ती माझ्यासमोरच बसते. डबा उघडताना पाठ करते.

रुपचंदनं जागा सोडल्याचा कागद टाइप करून आणलाय. देवळीत ठेवलाय, वर उदबत्तीचा पुडा, उडू नये म्हणून. येता-जाता दिसतो. "घाई नाही वहिनी," म्हणतो. आणि परवा दाराशी उभं राहून म्हणाला, "मला तरी दुसरं काय आहे सांगा." ते खरं आहे. त्यालाही काही नाही. ह्या घरात एकच जागा आहे आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे आहोत.

पुढची तारीख २२ ऑक्टोबर. शेवटची.

१८ ऑक्टोबर, सोमवार — खंडेनवमी

कारखाना धुऊन काढला. दुपारी यंत्रांची पूजा. आमच्याकडे रीत आहे, ज्याचं मशीन त्यानं हार घालायचा, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. त्या दिवशी कळतं कोण कशाचा धनी. मागच्या वर्षी हे झेंडूचा हार घरून घेऊन गेले होते. मी ओवला होता.

मी दारातच उभी होते. विधवेनं हात लावायचा नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. प्रमिलाबाईही बाहेरच. महिनाभरानं माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "तू विधवा म्हणून बाहेर, मी बौद्ध म्हणून. मला कुणी थांबवलं नाही बरं, मीच जात नाही. तुझं तसं नाही." मग म्हणाली, "पेढा मात्र दोघींना मिळतो." मला हसू आलं आणि रडू आलं. तिनं पाहिलं नाही असं केलं.

आत एक नंबर झालं. दोन झालं. तीन नंबरला आधार पुढे होईल वाटलं. शेठजींनी हाक मारली, "रुपचंद!"

तो आत होता. मला माहीतही नव्हतं. नवा शर्ट घातलेला, हातात हार. नानांनी त्याला कुठे घालायचा ते दाखवलं, कारण त्याला मशीनचं तोंड कोणतं ते कळत नव्हतं. त्यानं पात्यालाच कुंकू लावलं. नारळ दोनदा आपटला तेव्हा फुटला. पाणी टेबलावर सांडलं, खडूच्या जुन्या रेघांवर. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान खाली घातली.

मला वाटत होतं, ते मशीन ह्यांचं आहे. म्हणून मी गप्प होते. ह्यांचं ते ह्यांचंच राहावं. पण आज पाहिलं, मी गप्प बसून ते ह्यांचं राहत नाही. ते ज्याच्या हातात हार दिला त्याचं होतं.

प्रमिलाबाई म्हणाली, पेढा खा. मी खाल्ला.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या तारीख. सासूबाईंनी देवळीतला कागद काढून माझ्या उशाशी ठेवला. पेनही.

मी विचारलं, "आई, हे कोणत्या हातानं लिहायचे?" म्हणाल्या, "डावा. तुले का माहीत नही?" माहीत आहे म्हटलं.

२४ ऑक्टोबर, रविवार

परवा लेबर ऑफिसात सांगितलं. सुकदेव डावखुरे होते. जानेवारीत वारले. डावीकडे झुकलेली पानं त्यांची, ती तारेत खाली आहेत. उजवीकडे झुकलेली सगळी मी कापलेली. साहेबांनी दोन तुकडे शेजारी ठेवले. मग नानांना विचारलं. नानांनी पुष्कळ वेळानं हो म्हटलं. निकाल कळवतील.

घरात कुणी नाही. रुपचंद सासूबाईंना घेऊन गावी गेला. कागद सहीविनाच घेऊन गेला.

दुपारी खुंटीवरचा कोट काढला. बाह्या चार बोटं आखूड केल्या. उजव्या हाताची आधी, मग डाव्या हाताची. टीप मारली. खडू खिशात तसाच राहू दिला.